आरोग्यचिंतन : यरुशलेमात सापडलेला 'आनंद'

गुडघेदुखीवर किंवा निद्रानाशावर कोणी ओळखीच्याने दिलेले गांजाचे तेल घ्यावे काय, असे आमचे वयस्क वाचक आम्हांस विचारीत असतात. "झाडपाल्याचेच ते, त्याने काय अपाय होणार?" ही पुस्ती त्याला बहुधा जोडलेली असते. उत्तर देण्यापूर्वी याच देशात लागलेल्या एका शोधाची हकीकत सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राफाएल मेशुलाम हे बल्गेरियातील सोफिया येथे १९३० साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत असताना त्यांनी पोलिसांकडून जप्तीचा पाच किलो हशीश मिळविला आणि तो चक्क बसमधून प्रयोगशाळेत आणला. सहप्रवाशांच्या नाकांना तो प्रवास चांगलाच जाणवला, असे ते पुढे मौजेने सांगत. १९६४ साली त्यांनी व येहिएल गाओनी यांनी त्यातील गुंगी आणणारे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. टीएचसी हे त्याचे संक्षिप्त नाव.

द्रव्य हाती आले, तरी मेंदूत ते नेमके कोठे जडते हे कळण्यास १९८८ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ॲलिन हाउलेट व विल्यम डिव्हेन यांनी मेंदूतील पेशींच्या पटलावर त्याचे ग्राहक असल्याचे दाखविले. ग्राहक म्हणजे पटलात रोवलेले प्रथिन. बाहेरचा ठराविक रेणू त्यास जडला की पेशीच्या आत संदेश जातो. मग शंका निघाली : गांजाच्या झाडासाठी मनुष्याच्या मेंदूत कुलूप कशाला असावे? शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. डिव्हेन यरुशलेमास हिब्रू विद्यापीठात मेशुलाम यांच्याकडे आले, लुमीर हानुश हेही त्या कामात होते, आणि १९९२ साली किल्ली सापडली, तीही डुकराच्या मेंदूत! आपल्या ताटात ज्यास मज्जाव, त्याने प्रयोगशाळेत उपकार केले म्हणावयाचे. हा रेणू चरबीच्या जातीचा, ॲराकिडोनिक आम्लापासून घडलेला. त्याचे नाव ठेवले 'आनंदामाइड'. हिब्रूत सासोन आहे, सिमहा आहे. प्रत्येक विवाहात आपण हे शब्द ऐकतो. तरीही यरुशलेमच्या शास्त्रज्ञांनी आपल्या मराठीत घरोघरी नांदणारा संस्कृत शब्द निवडला, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील.

मेंदूतील पुष्कळशी संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. आनंदामाइड तसे साठत नाही. गरज पडली की पेशी आपल्याच पटलातील चरबीतून ते घडविते. ते जवळच्या ग्राहकास जडते, वेदना, भय, भूक यांच्या संदेशांना आवर घालते, आणि लगेच परत पेशीत शिरून एका एन्झाइमकडून मोडले जाते. पटल चरबीचे आणि रेणूही चरबीचा. तेव्हा ते ओलांडण्यास त्याला स्वतंत्र वाहक लागतो की नाही, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. पेशीतील जलमय भागातून मात्र चरबी वाहणारी प्रथिने त्यास नेतात, असे २००९ साली दिसून आले.

टीएचसी त्याच कुलपात शिरते, परंतु ते एन्झाइम त्यास मोडू शकत नाही; शिवाय ते अंगच्या चरबीत मुरते. जेथे एका जागी क्षणभर लगाम हवा, तेथे तो सर्वत्र तासन् तास राहतो. स्मृती व तोल सांभाळणाऱ्या भागांत हे ग्राहक विपुल आहेत, म्हणून विसर पडतो, भोवळ येते, आणि उतारवयात एकदा पडणे म्हणजे काय हे सांगावयास नकोच. श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या देठात ते विरळ असल्यामुळे अफूप्रमाणे श्वास बंद पडत नाही, एवढे खरे.

या कुलपाशी औषधनिर्मात्यांनीही खेळून पाहिले. गांजाने भूक लागते, तेव्हा ग्राहकच बंद केला तर भूक मरेल, या हिशेबाने रिमोनाबंट हे औषध २००६ साली युरोपात स्थूल माणसांसाठी आले. वजने उतरली खरी, पण कित्येकांस विषण्णतेने ग्रासले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ साली त्याची विक्री थांबवावी लागली. उलट दिशेने, आनंदामाइड मोडणारे एन्झाइमच रोखणाऱ्या एका द्रव्याची चाचणी फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये चालू असता एक निरोगी स्वयंसेवक दगावला व इतर काही इस्पितळात पडले. त्या द्रव्याने अन्य एन्झाइमांवरही घाला घातला असावा, असे पुढील संशोधनातून सुचविले गेले.

कर्करोगाच्या रुग्णांस ओकारी व वेदना यांत गांजाचे औषध उपयोगी पडते आणि या देशात ते वैद्यकीय देखरेखीखाली मिळते. त्यास आमचा विरोध नाही. आमची हरकत आहे ती बिनलेबलाच्या बाटलीला. ज्यात गुंगी नाही म्हणून निर्धास्तपणे दिले जाते ते कॅनाबिडिऑलदेखील यकृतातील एन्झाइमांना मंदावते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याच्या अंगात मग त्या औषधाचे प्रमाण वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयविकाराच्या व झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच जपावे. डॉक्टरांपुढे संकोच वाटून तेलाचा उल्लेख टाळणारे आमच्या माहितीत आहेत. त्यांनी पुढच्या भेटीस ती बाटलीच बरोबर न्यावी.