राक्षस ओळखू आला, की भीती गेली

भिंतीवरचं : रंगारी

जुन्या भयपटांवर नव्या चित्रकारांनी चित्रं काढायची, गॅलरीत एकत्र मांडायची आणि मोजक्या प्रतींचे स्क्रीनप्रिंट विकायचे, हा अमेरिकेतला रिवाज आता चांगलाच रुळलाय. लॉस एंजेलिसच्या ‘गॅलरी १९८८’ने २००७ मध्ये ‘क्रेझी फोर कल्ट’ हे प्रदर्शन सुरू केलं. ऑस्टिनच्या ‘मोंडो’ने २०१२ मध्ये स्वतःची गॅलरी उघडली. चाहते हौसेने येतात, खरेदी करतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते चित्रांशी, कारण त्यातली बरीचशी निव्वळ ओळखपरेड असते.

फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं घ्या. १९३१च्या सिनेमात रंगभूषाकार जॅक पिअर्सने बोरिस कार्लॉफला सपाट डोकं, जड पापण्या आणि मानेत ते खिळे दिले. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत सपाट डोकंही नाही आणि खिळेही नाहीत. म्हणजे कादंबरी वाचून चित्रकाराला हवा तसा राक्षस काढता येईल. पण काढतात पुन्हा पिअर्सचाच, वर न चुकता हिरवागार. (सिनेमा कृष्णधवल होता!) टी-शर्टपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे भेटणारा हा चेहरा पाहून आता कोण दचकणार?

खरं तर भयपट जन्मला तो चित्रकारांच्या हातून. १९२०च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’चे सेट हेरमान वार्म, वॉल्टर राइमान आणि वॉल्टर र्‍योरिग या तिघांनी केले. घरं कलती, खिडक्या वेड्यावाकड्या, रस्ते सुरीसारखे निमुळते. आणि सावल्या? त्या दिव्यांनी पडलेल्या नाहीत, कित्येक ठिकाणी चक्क कापडावर आणि जमिनीवर रंगवलेल्या आहेत. दिवा हलला तर सावली हलते, इथे ती हलतच नाही. काळ्या घट्ट कपड्यांतला नट कॉनरॅड वाइट भिंतीला चिकटून सरकतो, तेव्हा भिंतच एक लांबडा माणूस बाहेर टाकतेय असं वाटतं. त्याचा चेहरा झाकला तरी भीती तसूभर कमी होत नाही. प्रदर्शनातल्या चित्रकारांनी शिकायचं ते इथून: तिरकी रेघ आणि चुकीच्या जागी पडलेला काळा रंग.

हे शिकलेला एक जण आहे, ब्रुसेल्सचा लॉरां द्युरियू. ‘जॉज’साठी त्याने मोंडोकरता पोस्टर केलं. १९७५च्या या सिनेमात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत होता, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो बराच वेळ पाण्याखालीच ठेवावा लागला आणि सिनेमा त्यानेच तरला. द्युरियूने तीच युक्ती कागदावर आणली. उन्हातला समुद्रकिनारा, सुट्टीवर आलेली माणसं, रंगीत छत्र्या. शार्क कुठेच नाही. मग नजर एका छत्रीवर थांबते: तिची एकच गडद पाकळी शार्कच्या पाठीवरच्या त्रिकोणी परासारखी उभी. एकदा दिसली की मग पुसता येत नाही.

अशा प्रदर्शनाला कधी गेलात, तर कार्लॉफचं डोकं दिसताच पुढे सरका. राक्षस शोधावा लागेल अशा चित्रापाशी थांबा, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा. द्युरियूचं पोस्टर स्वतः स्पीलबर्गने मागवून घेतलं होतं.