ठराव बायकांचे, समुद्र कोणाचा?

"सरपंचपद बायकांना दिले, पण गावाचे काय भले झाले?" हा प्रश्न आमच्या पालघर-बोईसर भागात एसटी स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत कुठेही ऐकू येतो. विचारणारे बहुधा पुरुष असतात. वर्षानुवर्षे पुरुषच सरपंच होते, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. मी या भागात बायकांच्या बैठका घेत फिरते. म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, उत्तर शोधायला नवापूरच्या किनाऱ्यावर चला.

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतले रासायनिक सांडपाणी नळातून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. ते आधी सामायिक प्रक्रिया केंद्रात शुद्ध व्हावे असा नियम आहे. तो पाळला जात नाही म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. अर्ज २०१६ चा, निकाल जानेवारी २०२२ चा. लवादाने कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्राला जबाबदार धरून भरपाई भरण्याचा आदेश दिला. म्हणजे समुद्र नासवला गेला हे काही आम्हा बायकांचे रडगाणे नव्हे.

या नासाडीची झळ कोणाला लागते? होडी समुद्रात पुरुष नेतो, पण मासळी किनाऱ्याला लागली की पुढचे सगळे काम बाईचे. निवडणे, वलांडीवर बोंबील सुकवणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, गिऱ्हाईकाशी घासाघीस करणे, आणि त्यातून घर चालवणे. मासळी घटली की पाटी आधी रिकामी होते, आणि उधारीसाठी दुकानदाराच्या दारात तीच उभी राहते.

आता पंचायतीकडे वळू. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे २९ विषय आहेत. त्यात मत्स्यव्यवसाय आहे, पिण्याचे पाणीही आहे. पण कारखान्याला भूखंड देते औद्योगिक विकास महामंडळ, संमतीपत्र देते प्रदूषण नियंत्रण मंडळ. सांडपाण्याचा नळ बंद करण्याचा अधिकार पंचायतीला नाही. खुर्ची बाईला दिली, किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला ठेवल्या, आणि वर विचारायचे, बाईने काय केले?

बरे, जो थोडा अधिकार आहे तो तरी वापरू देतात का? प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा कायदा आहे. या पट्ट्यातल्या एका गावात ही सभा कशी "झाली" ते मी पाहिले आहे. वही घरोघर फिरली, सह्या आणि अंगठे गोळा झाले, ठराव मागाहून लिहिले गेले. कोणत्या विषयावर सही केली हे एकाही बाईला सांगता येईना.

आणि जी बाई खरोखर कारभार करू लागते तिला खाली खेचतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंचबाईंना, त्या सरकारी जमिनीवरच्या घरात सासूबरोबर राहतात असा आरोप करून अपात्र ठरवले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचले नाही, अशा अर्थाचे खडे बोलही सुनावले. पदावर टिकायलाच बाईला दिल्ली गाठावी लागते! त्याच जळगाव जिल्ह्यात विटनेरला १९८९ साली पूर्ण पंचायत बायकांची निवडून आली होती, आरक्षणाच्या आधी. तेव्हा बायकांना कारभार जमत नाही हे कोणी सांगू नये.

शेजारच्या नेपाळकडे पाहा. २०१५ च्या संविधानाने तिथल्या गाउँपालिकांना स्वतःचे कायदे करण्याचे अधिकार दिले. प्रत्येक वॉर्डातल्या पाच प्रतिनिधींत किमान दोन बायका, त्यातली एक दलित, हे बंधनकारक आहे. पण २०१७ च्या निवडणुकीत ७५३ पालिकांपैकी फक्त १८ ठिकाणी बाई प्रमुख झाली. बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक उपपदे आली. तिथे अधिकार आले तर खुर्ची पुरुषाने धरली. इथे खुर्ची आली तर अधिकार गायब! आम्हाला दोन्ही हवेत.

म्हणून आपल्या मागण्या अशा. महिला सभा घरोघर वही फिरवून नव्हे, बायकांना सोयीच्या वेळी, बाजाराची वेळ सोडून, चावडीवर भरावी. तिचे इतिवृत्त तिथेच लिहावे, वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. तिचे ठराव ग्रामसभेत पहिले विषय म्हणून यावेत, आयत्या वेळचे विषय म्हणून नव्हे. ज्या गावाच्या पाण्यात सांडपाणी सोडायचे, त्या गावच्या महिला सभेची आणि ग्रामसभेची मंजुरी असल्याशिवाय मंडळाने संमतीपत्र देऊ नये. पाण्याच्या तपासणीचे अहवाल मराठीत पंचायतीच्या फलकावर लागावेत.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी मंत्रालयाची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या महिला सभेची तारीख आजच लेखी मागा. पाचजणी मिळून जा आणि अर्जाची पोच घ्या. आणि वही दारात आली तर तिला सांगा, सही चावडीवर मिळेल, ठराव वाचल्यावर.