पोटभाडेकरू ठेवता? मालकाची संमती कागदावर घ्या

बेगम पेठ, साखर पेठ, विजापूर वेस या भागांत आपली अनेक कुटुंबे जुन्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहत आली आहेत. मुलगा जुळे सोलापुरात घर घेतो, सारे तिकडे जातात आणि जुन्या खोल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराला दिल्या जातात. घरमालक हातावर काही रक्कम घेतो आणि ‘खुशाल ठेवा’ म्हणतो. कागद मात्र होत नाही. पुढे मालक वारला आणि मुलांत वाटणी झाली की प्रकरण कोर्टात जाते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे, करारात मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवला तर कलम १६ खाली मालक ताबा मागू शकतो. भाडेकरूसोबत राहणारा भाऊ किंवा पुतण्या पोटभाडेकरू ठरत नाही. मोबदला घेऊन खोलीचा ताबाच दुसऱ्याला दिला, तर मात्र तो ठरतो. ‘मालकाला सगळे माहीत होते’ एवढ्यावर कोर्टात निभाव लागणे कठीण.

आता पैशाची बाब. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता, म्हणून व्यवहार लपूनछपून होत. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करण्यास संमती देताना मालकाने रक्कम घेणे कायदेशीर ठरवले. हक्क सोडताना भाडेकरूलाही रक्कम घेता येते. मग रसीद द्यायला संकोच कशाला?

या रकमेचा दर कायद्याने ठरवलेला नाही. म्हणून बोलणी आधी व्हावीत. वर्षभरासाठी पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा वेगळी आणि हक्क कायमचा दुसऱ्याच्या नावे होणे वेगळे. दोन्हींना एकच भाव लावणे गैर आहे, हे आपल्यातील घरमालकांनीही ध्यानात घ्यावे. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला उलट सिद्ध करावे लागते. म्हणजे कागद दोघांच्याही हिताचा आहे.

टॉवेलची एक गाठ उचलताना आपण बिल मागतो. राहत्या घराचा सौदा तेवढा जबानीवर का सोडावा? संमतीपत्रात पोटभाडेकरूचे नाव, खोल्या, मुदत आणि रक्कम लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवा.