शेजारची दोन कलमे आणि आपले ताट



हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत माणसाचे दिवसाचे ताट मोजून दिले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी, अगर त्यांच्या जागी काही अंशी अंडी-मांस-मासळी, मिळून ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. हे माप घेऊन सातपूर-अंबडच्या कामगाराच्या अगर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत खुडणी करणाऱ्या बाईच्या घरी जा. पोळ्यांची चळत आणि भात भरपूर. आमटीत मात्र डाळ शोधावी लागते. फळाविषयी न बोललेले बरे.

यावर सुशिक्षित म्हणतात, या लोकांना आहाराचे ज्ञान नाही. हे खरे आहे काय? हिशेब करा. वरील मापाने पाच माणसांच्या घराला महिना पावणेतेरा किलो डाळ लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील अशा घराला मिळते ते २५ किलो धान्य; डाळीचा हक्क त्या कायद्यात नाही. धान्यातून मिळणारी शक्ती एकूण शक्तीच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे संस्था सांगते. आणि सरकार हाती देते ते धान्यच! २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तो काय केवळ अज्ञानाचा?

संविधानाचे ४७ वे कलम जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरविते. त्याच्या शेजारचे ४८ वे गोवंशाच्या हत्येस बंदी घालण्याविषयी आहे. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वेच. कोर्टातून बजावून घेता येत नाहीत ती दोन्ही. परंतु ४८ व्या कलमासाठी महाराष्ट्राने २०१५ साली बैल आणि वळूंपर्यंत बंदी वाढविली. ती उच्च न्यायालयाने २०१६ साली कायम केली. कायदा आहे, तो पाळावयाचा. पण गरिबाच्या ताटातून जे गेले, त्याच्या जागी काय आले? नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतील मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखविला गेला. आद्य कर्तव्य वर्गणीवर चालते काय?

एक गोष्ट आपल्याच घरांविषयी. पाहुणे आले की अंडी, सुकट लपविणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सोडावयास सांगितले ते मेलेल्या ढोराचे मांस, ते माणुसकीसाठी. स्वच्छ, पोषक अन्नाची लाज बाळगावयास त्यांनी कोठे सांगितले? ज्यांना मांसाहार नको त्यांनी तो करू नये. पण मग डाळीचा आग्रह दुप्पट धरावा.

अन्नसुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलास १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास २० ग्रॅम प्रथिने मिळालीच पाहिजेत. हे मार्गदर्शक तत्त्व नव्हे, हक्क आहे. शाळेत जाऊन खिचडीतील डाळ पाहा. कमी वाटली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. त्याने दाद दिली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करा. अर्जावर पाचदहा पालकांच्या सह्या असू द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.