दुखतं दाढेत, कारण नाकात

आमच्या अम्मीच्या वरच्या जबड्यात उजवीकडची एक दाढ नाही. वीसेक वर्षांपूर्वी सर्दी झाली आणि तिचा गाल ठणकू लागला, दाढा दुखू लागल्या. दवाखान्यात जाऊन तिनेच हट्ट धरला, "काढून टाका एकदाची." दाढ निघाली. जखम भरली, पण ठणका तसाच, आता शेजारच्या दाढेत. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सायनस भरलं होतं, दाढेचा काही दोष नव्हता. अम्मी आजही रोटी डाव्या बाजूनेच चावते.

यंदा जानेवारीत आमच्यावर तीच पाळी आली. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे घरी आणले होते. मान खाली घालून पेपर तपासायला बसलो की वरच्या दाढा ठणकायच्या, मान उचलली की जरा बरं. सजद्यात गेलो की गाल आतून फुगल्यासारखा. शाळेचा जिना उतरताना प्रत्येक पायरीला दाढेत ठोका. लवंगेचं तेल लावून पाहिलं, काही फरक पडला नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नेमकी कुठली? बोट ठेवा." आम्हाला बोट ठेवता येईना. कधी ही वाटे, कधी तिच्या पलीकडची. मग त्यांनी आरशाच्या दांड्याने एकेक दाढ हलकेच ठोकली, गार केलेला कापसाचा बोळा एकेकीला लावला, छोटा एक्स-रे काढला. चारही दाढा थोड्याथोड्या दुखल्या, पण एकही वेगळी उठून दिसली नाही. "सर्दी कधी झाली होती?" त्यांनी विचारलं. सहा दिवसांपूर्वी. नाक तर तेव्हाही चोंदलेलंच होतं.

गालाच्या हाडात नाकाला जोडलेली एक पोकळी असते. वरच्या दाढांच्या मुळांची टोकं तिच्या तळाशी अगदी खेटून असतात, आणि दोघांची खबर मेंदूकडे नेणारी नसही एकच. सर्दीने पोकळीचं तोंड सुजून बंद झालं की आत स्राव साचतो, दाब वाढतो आणि आपल्याला वाटतं दाढच दुखतेय. खालच्या दाढांना हा शेजार नाही. खालची दाढ दुखत असेल तर सायनसवर ढकलू नका.

किडलेल्या दाढेचं वागणं वेगळं. ती बहुधा एकटीच दुखते. गार पाणी लागलं की कळ येते आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ राहते. घास चावताना नेमकी तीच दुखते, रात्री झोपेतून उठवते, कधी हिरडीवर पुटकुळी येते. अशा दाढेला "सर्दीचं असेल" म्हणून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्यांवर ठेवणारेही आमच्या ओळखीत कमी नाहीत.

आणि याची उलट बाजूही आहे. आमच्या भाभीच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव यायचा. सायनसची औषधं तीनदा झाली, दर वेळी तेवढ्यापुरता आराम. कारण निघालं वरची जुनी दाढ. मुळाशी पू होऊन तो सायनसमध्ये उतरत होता. दाढेवर इलाज झाला तेव्हा नाक थांबलं. एकाच बाजूने असं होत असेल तर दातही तपासून घ्या.

सर्दीने भरलेलं सायनस बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप मोकळं होतं. त्याचं मूळ विषाणूत असतं, म्हणून कपाटात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन उपयोग नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. वाफ घेताना पातेलं मुलांपासून लांब ठेवा, भाजण्याचे प्रकार घरोघरी होतात. दहा दिवस उलटले, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि ठणका आला, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आणि चालताना जबडा दुखून घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर तो दाताचाही नाही आणि नाकाचाही नाही. हृदय तपासायला तातडीने जा.

आमचा ठणका नवव्या दिवशी गेला. चारही दाढा जागेवर आहेत. घरी येऊन अम्मीला आरशाच्या दांड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "एवढंसं ठोकून पाहायला किती वेळ लागला असता गं?"