हिरवा मुकादम

'२००० एडी' हा सायन्स फिक्शन चित्रकथांचा अंक १९७७ पासून इंग्लंडात दर आठवड्याला निघतो. मी त्याचा चाहता, म्हणूनच भांडतो.

दोस्तांनो, पोरं जज ड्रेडवर फिदा. का रे? तोच पोलीस, तोच न्यायाधीश, तोच जल्लाद! वॅग्नर-एझ्केरा जोडीनं त्याची टवाळी केली, अन् तुम्ही त्याच्या हेल्मेटला टाळ्या पिटता. दंडुका कुणाच्या पाठीवर पडतो ते बघा की.

त्याच जोडीचा 'स्ट्राँशियम डॉग' वाचा. अणुयुद्धानंतर वेगळ्या शरीराची जन्मलेली माणसं. जन्मावरून बाटलेली, वेगळ्या वस्तीत कोंबलेली. धंदा एकच मोकळा : बक्षिसासाठी गुन्हेगार धरणं. घाण काम द्यायचं, वर घाणेरडे म्हणायचं. हे कळायला आपल्याला प्रोफेसर लागत नाही.

आणि संपादक कोण, तर थार्ग, हिरवा परग्रहवासी. लेखक-चित्रकार त्याचे 'रोबो'. गंमत झाली; पण पानांची मालकी खरोखरच कंपनीची! १९८४ साली अॅलन मूर, इयन गिब्सननी 'हेलो जोन्स' काढली. समुद्रात तरंगणाऱ्या बेकारांच्या वस्तीतली साधी पोरगी. मूरच्या मनात नऊ भाग. हक्कांवरून वाजलं, १९८६ ला तिसऱ्यावरच गाडी थांबली. माल उचलायचा आपण, पावती शेठच्या नावाची.

तिन्ही भाग पाठ झालेत साले. चौथा कुठाय?