चोर सोडून संन्याशाला केवायसी

नोव्हेंबर उजाडला की तालुक्याच्या गावातल्या बँकेसमोर सकाळी नऊलाच रांग लागते. रांगेतले बहुतेक सत्तरी ओलांडलेले. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स आणि अनुभवाने शहाणे झाल्यामुळे आणलेली आणखी एक जादा झेरॉक्स. आत गेल्यावर यंत्रावर बोट टेकवायचे आणि आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे. जन्मभर खुरपे धरलेल्या, भांडी घासलेल्या, विड्या वळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. त्या यंत्राला दिसत नाहीत. ‘आजी, बोट पुसा,’ असे काउंटरवरचा पोरगा सांगतो. आजी पदराला बोट पुसतात. पुन्हा लाल दिवा. दुसरे बोट, तिसरे बोट. तेवढ्यात ‘लिंक गेली, सोमवारी या’ असा पुकारा होतो. समोरची बाई बोलते आहे, ऐकते आहे, वैतागली आहे. म्हणजे हयात असण्याची सगळी लक्षणे तिच्यात आहेत. कागदी नमुन्यावर अधिकाऱ्याने सही करून हा विषय मिटवण्याची जुनी सोय बहुतेक ठिकाणी अजून आहे. पण सही म्हणजे जबाबदारी. ती अंगावर घेण्यापेक्षा लाल दिव्याकडे बोट दाखवणे सोपे.

ज्या व्यवस्थेमुळे हे घडते ती वाईट हेतूने आणलेली नाही. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली, तीच वृद्धांचे हेलपाटे वाचावेत म्हणून. २०२१ पासून घरबसल्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्याच्या घरी धड फोन आहे, तो चालवणारी सून किंवा नातू आहे, त्याचे काम चहा होईपर्यंत उरकते. ज्याच्याकडे यातले काही नाही, तो पिशवी घेऊन रांगेत उभा. म्हणजे सोयीचा लाभ ज्याला तिची गरज कमी त्याला आधी, आणि ज्यांच्यासाठी ती आणली त्या आजींना ‘सोमवारी या’.

महागाईवर बोलायचे तर दर महिन्याला निर्देशांक येतो. डाळ किती चढली, तेल किती उतरले हे टक्क्यांत कळते. पण सामान्य माणसाचा जो त्रागा सध्या घरोघरी ऐकू येतो, तो मोजणारा निर्देशांक नाही. हा त्रागा आहे वाया गेलेल्या दिवसांचा आणि पुन:पुन्हा स्वत:ला सिद्ध करत बसण्याचा. बँकेत केवायसी, रेशन दुकानात ई-केवायसी, गॅसला ई-केवायसी, म्युच्युअल फंडाला पुन्हा केवायसी. नोंद ठेवणे, ती तपासणे, दुरुस्त करणे ही कामे पूर्वी कार्यालयाची होती. आता ती ग्राहकाच्या अंगठ्यावर, ग्राहकाच्या फोनवर आणि ग्राहकाच्या रजेच्या दिवशी होतात. त्याची मजुरी कुणी देत नाही, उलट काही ठिकाणी शुल्क भरावे लागते.

यातला एक दिवस किती रुपयांचा? महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दोन हेलपाट्यांत ६२४ रुपये बुडाले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ‘ईपीएस-९५’मध्ये, सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना एक हजार रुपये आहे. साखर कारखान्यांतून, गिरण्यांतून, एसटीतून निवृत्त झालेले हजारो लोक ती वाढावी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने करत आहेत. हजाराचा आकडा जागचा हललेला नाही. हयातीचा दाखला मागायला मात्र कुणी एकदाही विसरलेले नाही. राज्य सरकारने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ मध्ये एसटीचा प्रवास फुकट केला, पुढच्या वर्षी महिलांना निम्मे भाडे केले. हेलपाट्यांचा अंदाज सरकारला असावा! प्रवास फुकट झाला, दिवस झाला नाही.

मुळात केवायसी आली ती काळ्या पैशाचा माग काढण्यासाठी. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायदा २००२ चा. तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. रिझर्व्ह बँकेचे नियम वाचले तर ते तितके निर्दयही नाहीत. जोखमीच्या ग्राहकाने दर दोन वर्षांनी माहिती अद्ययावत करावी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाने आठ आणि कमी जोखमीच्या ग्राहकाने दहा वर्षांनी. तपशिलात बदल नसेल तर तसे नुसते कळवले तरी चालते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी बजावले, की मुदतीआधी किमान तीन सूचना द्या, त्यातली एक पत्राने. मुदत उलटल्यावरही तीन स्मरणपत्रे पाठवा, त्यातले एक पुन्हा पत्राने. हे बजावावे लागले यातच सगळे आले. एकदा दिलेली माहिती सर्व वित्तसंस्थांना मिळावी यासाठी केंद्रीय केवायसी नोंदवही २०१६ पासून अस्तित्वात आहे. तरीही नव्या दारात गेले की जुनाच प्रश्न, ‘आधार आणि पॅन आणलेय का?’ ज्या खात्यात दर महिन्याला तीच पेन्शन येते आणि तीच काढली जाते, त्या खात्यात संशय घेण्यासारखे काय असते, हे विचारायला काउंटरपलीकडे माणूस लागतो.

दुसरा जाच नावांचा. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ज्याच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही त्याला ओळख देणारा क्रमांक, असे तेव्हा सांगितले गेले. आज तोच क्रमांक दुसऱ्या कागदाशी जुळत नाही म्हणून माणसे अडतात. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला आलेल्या बापाला पोराचा जन्म ‘पोळ्याच्या आसपास’ एवढाच ठाऊक असायचा, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे कुठल्याशा नोंदीत कुणी १ जानेवारी टाकले. आता साठीतल्या त्या पोराला दोन जन्मतारखांचा खुलासा द्यावा लागतो. बायकांची गत याहून कठीण. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर आडनाव आधी, पासबुकात नवऱ्याच्या नावाचे नुसते आद्याक्षर. इंग्रजीत एक ‘ए’ कमी पडला तरी माणूस वेगळा. मग सेतू केंद्र, प्रतिज्ञापत्र, राजपत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, आदेश २००४ चा. तरी लोक मुद्रांक विक्रेत्याच्या दारात उभे असतात, कारण खिडकीवरचा बाबू साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र बघतसुद्धा नाही. चूक टंकलेखकाची, खर्च नागरिकाचा.

यावर ठरलेले उत्तर असते ते बोगस लाभार्थींचे. ते खोटे नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत चौदा हजारांवर पुरुषांनी आणि दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांनी पैसे उचलल्याचे उघड झाले. जून २०२५ पासून सव्वीस लाखांहून अधिक अपात्र नावांचा लाभ थांबवण्यात आला. ही नावे कशी सापडली? इतर विभागांकडे असलेल्या माहितीशी यादी ताडून पाहिल्यावर. वेतनपट सरकारचा, वाहनांची नोंद सरकारची, इतर योजनांच्या याद्या सरकारच्या. ही ताडणी पहिला हप्ता पडण्याआधी करता आली असती. पण २०२४ च्या जूनअखेर योजना जाहीर झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान होते. तेव्हा बहिणीच्या हमीपत्रावर भावाचा पूर्ण विश्वास होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो विश्वास आटला आणि सरसकट सगळ्या बहिणींना ई-केवायसीचा हुकूम सुटला, दोन महिन्यांची मुदत देऊन. महिलेचा ओटीपी आणि सोबत पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. ज्यांचे वडील गेले आणि पतीही गेला, त्यांनी ओटीपी कुणाला मागावा हे संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. ते आले मुदत संपत आल्यावर. मग मुदतवाढ आणि मृत्यूच्या दाखल्यासह अंगणवाडी सेविकेकडे जाण्याची सूचना. महिन्याच्या पंधराशे रुपयांसाठी बाईने आधी आपले वैधव्य कागदावर मांडायचे.

मुदतवाढ हा तर या कारभाराचा प्राण. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याचे उदाहरण घ्या. २०२५ मध्ये मार्चअखेरची मुदत पुढे सरकत सरकत वर्षअखेरीला टेकली. दुचाकीला साडेचारशे रुपये आणि वर कर. जे पहिल्या धाकाला घाबरले त्यांनी केंद्राची वेळ मिळवण्यासाठी धडपड केली. ज्यांनी कानाडोळा केला ते सुखी राहिले. नियम पाळणारा मूर्ख ठरतो हा धडा सरकारच दर तिमाहीला शिकवत असेल, तर शिस्तीच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही.

पण सगळ्यात मोठे नुकसान दिवसांचे किंवा रुपयांचेही नाही. ‘तुमची केवायसी संपली आहे, आज रात्री खाते बंद होईल’ हा भामट्यांचा सर्वांत जुना आणि अजूनही चालणारा गळ आहे. तो चालतो, कारण खरी बँकही जवळपास याच सुरात बोलते. खरा संदेश कोणता आणि खोटा कोणता हे ओळखण्याची जबाबदारीही अर्थातच ग्राहकाची! पुढची पायरी ‘डिजिटल अरेस्ट’ची. गणवेश घातलेला कुणीतरी व्हिडिओ कॉलवर ‘तुमच्या आधारचा गैरवापर झालाय’ असे दटावतो आणि शिकलेसवरलेले, मोठ्या पदांवरून निवृत्त झालेले लोक दोन-दोन दिवस फोनसमोर बसून राहतात, आयुष्याची पुंजी हवाली करतात. आपण त्यांना भोळे म्हणतो. ते भोळे नसतात, सवयीचे असतात. आपण आधी संशयित आहोत आणि निर्दोष असल्याचे आपणच सिद्ध करायचे आहे, हे त्यांना प्रत्येक खिडकीने वर्षानुवर्षे शिकवलेले असते. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावल्याचे केंद्राने संसदेत सांगितले. हे पैसे ज्या भाडोत्री खात्यांमधून फिरले, त्यांतल्या बहुतेकांची केवायसी कागदोपत्री झालेली असणार. चोराकडे कागद चोख असतात. अडकतो तो, ज्याच्या बोटावरच्या रेषा झिजल्या.

यावर उपाय म्हणून नवे ॲप नको. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. तो किती जणांना भरावा लागला, हे खिडकीसमोरच्या माणसाला विचारा. नागरिकाची मुदत चुकली तर पैसे त्याच दिवशी थांबतात. कार्यालयाची चुकली तर अपील करायचे, तेही नागरिकानेच. हा तराजू सरळ करायचा तर तीन गोष्टी पुरेत. सरकारने स्वत: दिलेला कागद सरकारने नागरिकाकडे मागू नये. कुणाचेही रेशन, पेन्शन, अनुदान किंवा खाते नुसती तारीख उलटली म्हणून थांबवू नये. थांबवण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकून लेखी कारण द्यावे आणि खाली नाव-हुद्द्यासह सही करावी. आणि यंत्र अडले तर मार्ग काढण्याचा अधिकार त्याच खिडकीवरच्या माणसाला द्यावा. त्याने तो वापरला म्हणून त्याच्यामागे चौकशी लावू नये.

हे अशक्य नाही. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मदतीचे पैसे देताना, शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांची माहिती आपल्याकडे आहेच म्हणून राज्य सरकारने त्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट दिली. आभाळ कोसळले नाही. आधीच कोसळून गेले होते, म्हणून तर सूट मिळाली. ती शहाणपणाची वेळ पूर येण्याची वाट न पाहता यावी, एवढेच मागणे आहे.

सोमवारी त्या आजी पुन्हा येतील. पिशवीत पासबुक असेल, जादा झेरॉक्स असेल. यंत्रावर कदाचित पुन्हा लाल दिवा लागेल. तेव्हा काउंटरपलीकडच्या कुणीतरी पडद्यावरून मान वर करून त्यांच्याकडे पाहावे, ‘या हयात आहेत’ असे लिहावे आणि खाली स्वत:ची सही करावी. यंत्रे, नोंदवह्या, संकेतस्थळे सगळी आपल्याकडे आहेत. वानवा आहे ती त्या एका सहीची.